औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी, सूर्यनमस्कार आणि मेंदूतल्या नव्या पेशी



जानेवारी उजाडला की बऱ्याच शाळांत एक गोष्ट गुपचूप घडते. दहावीच्या वर्गाचा पी.टी.चा तास गणिताला दिला जातो. मग विज्ञानाचे सर उरलेला खेळाचा तास मागून घेतात. घरी पालकही संध्याकाळचं खेळणं बंद करतात. हेतू वाईट नसतो. अभ्यासाला वेळ मिळावा, पाठांतर पक्कं व्हावं, एवढंच सगळ्यांना वाटत असतं. पण शरीर हलवण्याचा वेळ काढून घेतला तर स्मरणशक्तीला तो वेळ खरंच मिळतो का?

या प्रश्नाचा विचार करताना आपल्याच सातारा-सांगली भागातला एक माणूस आठवतो. शंभर वर्षांपूर्वी त्यांनी आपल्या संस्थानातल्या शाळांमध्ये व्यायाम सक्तीचा केला होता. ते म्हणजे औंधचे राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी. आज रथसप्तमीला शाळेच्या मैदानावर मुलं रांगेत सूर्यनमस्कार घालतात, त्यामागे या राजांची मोठी खटपट आहे. आजच्या लेखात त्यांचं चरित्र थोडक्यात पाहू. त्यांच्या निधनानंतर मेंदूच्या विज्ञानात काय सापडलं आणि त्याचा त्यांच्या आग्रहाशी कुठे संबंध लागतो, कुठे लागत नाही, तेही पाहू.

औंध संस्थान कुठे होतं?

औंध हे गाव आज सातारा जिल्ह्यात, खटाव तालुक्यात आहे. गावाजवळच्या डोंगरावर यमाईचं मूळपीठ आहे. छत्रपतींच्या दरबारात प्रतिनिधी हे मोठं पद होतं. ते पद ज्या घराण्याकडे आलं त्या पंतप्रतिनिधींचं हे संस्थान. आकाराने अगदी लहान, ७२ गावांचं. आणि ही गावंही सलग नव्हती. औंधच्या आसपासचा एक तुकडा, माणदेशातला आटपाडीचा तुकडा, कृष्णाकाठच्या बाजूला कुंडल, आणि थोडा भाग विजापूरकडे. आटपाडी आणि कुंडल आज सांगली जिल्ह्यात येतात. सांगली जिल्हा तरी कुठे जुना? १९४९ साली दक्षिण सातारा म्हणून तो वेगळा झाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळालं. म्हणजे औंधची गोष्ट ही दोन्ही जिल्ह्यांची सामाईक गोष्ट आहे.

बालपण आणि शिक्षण

भवानरावांचा जन्म २४ ऑक्टोबर १८६८ रोजी झाला. वडील श्रीनिवासराव हे औंधचे अधिपती. भवानराव थोरले चिरंजीव नव्हते, त्यामुळे गादी आपल्याकडे येईल असं धरून ते वाढले नाहीत. साताऱ्यात शिक्षण झाल्यावर ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेले आणि मुंबई विद्यापीठाचे पदवीधर झाले. त्या काळात संस्थानिकाच्या घरात बी.ए. होणं ही नवलाचीच गोष्ट होती. पुढे त्यांनी वडिलांच्या हाताखाली कारभारात काम केलं.

चित्रकला, कीर्तन, संस्कृत ग्रंथ यांची त्यांना मनापासून आवड. स्वतः चित्रं काढायचे, स्वतः कीर्तनाला उभे राहायचे. राजा असून कीर्तन करतो याचं लोकांना अप्रूप वाटे. वडिलांच्या पश्चात घराण्यात बऱ्याच उलथापालथी झाल्या आणि अखेर १९०९ साली, वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी, गादी त्यांच्याकडे आली.

सॅण्डोचे डंबेल्स ते मिरजेचा सल्ला

व्यायामाचं वेड त्यांना त्याआधीच लागलं होतं. त्या काळात युजेन सॅण्डो नावाच्या युरोपातल्या पहिलवानाचं नाव जगभर गाजत होतं. पिळदार शरीर कसं कमवायचं, डंबेल्स कसे वापरायचे, याची त्याची पुस्तकं आणि साधनं लोक टपालाने मागवत. बाळासाहेबांनीही ती मागवली आणि दहा वर्षांच्या आसपास त्या पद्धतीने नेमाने व्यायाम केला.

मग मिरजेच्या अधिपतींनी त्यांना सूर्यनमस्कार सुचवले. मिरजेचे हे राजेसाहेब स्वतः नमस्कार घालत. सल्ला बाळासाहेबांना पटला. १९०८ पासून त्यांनी नमस्कार धरले आणि शेवटपर्यंत सोडले नाहीत. वय तेव्हा चाळिशीला टेकलेलं. दहा वर्षांची जुनी सवय मोडून, साधनं बाजूला ठेवून, नवा व्यायाम शिकायला त्यांनी सुरुवात केली. एकट्याने नाही, तर राणीसाहेब आणि मुलाबाळांसकट. पहाटे सगळं कुटुंब नमस्काराला उभं राहायचं.

नमस्कार आपल्याकडे नवा नव्हता. समर्थ संप्रदायात, तालमींत तो होताच. बाळासाहेबांनी त्याला शिस्तीत बसवलं. एका नमस्काराच्या दहा स्थिती ठरवल्या. प्रत्येक स्थितीत हात, गुडघा, कपाळ, छाती कुठे असावी, श्वास कधी घ्यायचा, कधी सोडायचा, हे सगळं लिहून काढलं. प्रत्येक नमस्काराआधी बीजमंत्र आणि सूर्याचं नाव मोठ्याने उच्चारायचं. मित्र, रवी, सूर्य, भानू अशी बारा नावं. यावर त्यांनी पुस्तक लिहिलं, त्यात छायाचित्रं घातली. पुढे १९३८ साली लंडनमधून त्यांचं याच विषयावरचं इंग्रजी पुस्तक निघालं, तेव्हा पाश्चात्त्य वाचकांनाही औंध हे नाव ठाऊक झालं.

शाळेच्या वेळापत्रकात नमस्कार

राजा स्वतः व्यायाम करतो इथपर्यंत गोष्ट असती तर आज आपण त्यांना एक हौशी संस्थानिक म्हणून विसरलो असतो. बाळासाहेबांनी पुढचं पाऊल टाकलं. संस्थानातल्या शाळांमध्ये सूर्यनमस्कार सक्तीचे केले. मुलांना आणि मुलींनाही, बरं का. त्या काळात मुलींनी शाळेत व्यायाम करायचा हे अनेकांच्या पचनी पडण्यासारखं नव्हतं.

हा व्यायाम निवडण्यामागचं गणित व्यवहाराचं होतं. आटपाडी म्हणजे माणदेश, दुष्काळी मुलूख. तिथल्या शाळेला डंबेल्स कोण घेऊन देणार? नमस्काराला साधन लागत नाही, मोठं मैदान लागत नाही, एका माणसापुरती जागा पुरते. शिक्षक एकदा शिकला की पन्नास मुलांना एकाच वेळी शिकवू शकतो. आणि दहा मिनिटांत सगळ्या अंगाला व्यायाम होतो. पैसे नसलेल्या शाळेसाठी यापेक्षा सोयीचा व्यायाम शोधून सापडणार नाही.

या संस्थानाच्या शाळांतून पुढे मोठी माणसं निघाली. आटपाडी तालुक्यातल्या शेटफळ्याला जन्मलेले ग. दि. माडगूळकर औंधच्याच शाळेत शिकले. नमस्कारामुळे गदिमा घडले, असं म्हणणं चुकीचं होईल. पण चित्रकार, कीर्तनकार, व्यायामपटू आणि ग्रंथप्रेमी राजा ज्या गावात राहतो, त्या गावच्या शाळेची हवाच वेगळी असणार, एवढं तर खरं. गावात चित्रांचं आणि शिल्पांचं संग्रहालय उभं राहिलं. राजा रविवर्म्याची चित्रं आजही तिथे पाहायला मिळतात. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती हाती घेतली, त्यालाही बाळासाहेबांनी भरघोस मदत केली. कुंडलजवळची माळरानाची जागा त्यांनी लक्ष्मणराव किर्लोस्करांना १९१० साली कारखान्यासाठी दिली आणि तिथे किर्लोस्करवाडी वसली.

नमस्कारामुळे अंगात शक्ती येते, आजार पळतात आणि बुद्धीही तल्लख राहते, अशी बाळासाहेबांची ठाम श्रद्धा होती. यातले काही दावे फारच पुढे जाणारे होते. एकाच व्यायामाने सगळे रोग बरे होतात असं आज कुठलाही डॉक्टर म्हणणार नाही. पण शरीर हललं की डोकं चालतं, हा त्यांच्या अनुभवाचा भाग होता. प्रयोगशाळेतला पुरावा तेव्हा कुणाकडेच नव्हता. उलट त्या काळचं विज्ञान मेंदूबद्दल वेगळंच सांगत होतं.

तेव्हाचं विज्ञान काय म्हणत होतं?

बाळासाहेब नमस्काराचा प्रचार करत होते त्याच काळात स्पेनमध्ये सांतियागो रामोन इ काहाल हे शास्त्रज्ञ मेंदूच्या पेशींची सुंदर चित्रं काढत होते. चेतापेशी ही स्वतंत्र पेशी असते हे त्यांनी दाखवून दिलं आणि १९०६ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं. काहाल यांचं मत असं होतं की प्रौढ मेंदूची जडणघडण पूर्ण झालेली असते. तिथे पेशी मरू शकतात, नव्या जन्मत नाहीत. हे मत इतकं पक्कं बसलं की पुढची पन्नास वर्षं कुणी त्यावर फारशी शंका घेतली नाही.

आपणही विज्ञानाच्या तासाला शिकवतो की चेतापेशींचं विभाजन होत नाही. हे विधान आजही बरोबर आहे. तयार झालेली चेतापेशी दुभंगून दोन होत नाही. पण मेंदूच्या एखाद्या कोपऱ्यात मूलपेशी शिल्लक असतील आणि त्यांच्यापासून नव्या चेतापेशी घडत असतील तर? हा प्रश्न १९६२ साली अमेरिकेत जोसेफ ऑल्टमन यांनी विचारला. बाळासाहेबांना जाऊन तेव्हा अकरा वर्षं झाली होती.

ऑल्टमन यांनी उंदरांना किरणोत्सारी खूण असलेला एक पदार्थ टोचला. पेशी नव्याने तयार होताना तो पदार्थ तिच्या डीएनएत जाऊन बसतो. म्हणजे ज्या पेशीत खूण दिसेल ती पेशी टोचल्यानंतर जन्मलेली. अशा खुणा प्रौढ उंदरांच्या मेंदूत दिसल्या. १९६५ साली गोपाल दास या सहकाऱ्यासोबत त्यांनी हिप्पोकॅम्पस या भागात नव्या चेतापेशी तयार होतात असं मांडलं. लोकांनी ऐकलं, आणि बाजूला ठेवून दिलं. पुढे १९८० च्या दशकात फर्नांडो नोटेबोम यांना गाणाऱ्या पक्ष्यांच्या मेंदूत नव्या पेशी सापडल्या, तेव्हा कुठे चर्चा पुन्हा सुरू झाली.

माणसाचं काय? १९९८ साली स्वीडन आणि अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी पाच कर्करुग्णांच्या मेंदूचा अभ्यास प्रसिद्ध केला. या रुग्णांना उपचाराच्या काळात अशीच एक खूण करणारा पदार्थ दिलेला होता आणि मृत्यूनंतर त्यांचा मेंदू अभ्यासाला मिळाला. साठीच्या आसपासच्या या माणसांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये नव्या चेतापेशींच्या खुणा होत्या.

हिप्पोकॅम्पस आणि आठवण

हिप्पोकॅम्पस हा कानाच्या आतल्या बाजूला, मेंदूत खोलवर असलेला छोटा भाग. दोन्ही बाजूंना एकेक. आकार समुद्रघोड्यासारखा म्हणून हे नाव. आज काय घडलं, कुठे घडलं, कुणाबरोबर घडलं, अशा नव्या आठवणी नोंदवण्याचं काम मुख्यतः इथे चालतं. हा भाग निकामी झाला तर जुनं आठवतं, पण नवं टिकत नाही.

नव्या पेशी तिथे काय करतात? प्राण्यांवरच्या प्रयोगांतून दिसतं की एकसारख्या दोन आठवणी वेगळ्या ठेवायला त्या मदत करतात. उदाहरण घेऊ. तुम्ही रोज एसटी स्टँडबाहेर सायकल लावता. काल वडाखाली लावली, आज टपरीशेजारी. संध्याकाळी परत आल्यावर कालची आणि आजची जागा यांची गल्लत होऊ नये, हे काम आहे. दोन्ही आठवणी जवळजवळ सारख्या, पण मेंदूला त्या वेगवेगळ्या कप्प्यात ठेवाव्या लागतात.

नवी पेशी जन्मली की लगेच कामाला लागत नाही. उंदरांत तिला जुन्या पेशींशी जोडलं जायला काही आठवडे लागतात. त्यातल्या बऱ्याच पेशी त्याआधीच मरतात. मग कुठल्या टिकतात? १९९९ च्या सुमारास दोन महत्त्वाच्या गोष्टी कळल्या. एक, पिंजऱ्यात धावायला चाक दिलेल्या उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये नव्या पेशी कितीतरी जास्त तयार झाल्या आणि पाण्यात लपवलेला पाट शोधायला ते उंदीर लवकर शिकले. दोन, ज्या उंदरांना काही अवघड शिकायला लावलं, त्यांच्या नव्या पेशी जास्त संख्येने जगल्या.

शिक्षकांसाठी यात मोठी गोष्ट दडलेली आहे. निदान उंदरांत तरी, पळण्याने पेशी जन्मतात आणि शिकण्याने त्या टिकतात. नुसतं पळून भागत नाही आणि नुसतं बसूनही भागत नाही. पी.टी.चा तास आणि गणिताचा तास हे एकमेकांचे वैरी नाहीत, जोडीदार आहेत.

आणखी एक गंमत. नव्या पेशी विसरायलाही लावतात. कॅनडातल्या शास्त्रज्ञांनी २०१४ साली दाखवलं की उंदराच्या पिल्लांत नव्या पेशींची गर्दी इतकी असते की आधीच्या आठवणींची घडी विस्कटते. आपल्याला दुसऱ्या वर्षाचा वाढदिवस का आठवत नाही, याचं एक कारण हे असू शकेल. म्हणजे विसरणं हा नेहमीच दोष नसतो, बरं का. वाढत्या मेंदूच्या कामाचा तो एक भाग आहे. मूल कालचं विसरलं म्हणून लगेच त्याला मठ्ठ ठरवणाऱ्यांनी हे जरूर लक्षात ठेवावं.

इथे थोडं थांबायला हवं

एवढं वाचून कुणी शाळेच्या फलकावर सूर्यनमस्काराने मेंदूत नव्या पेशी येतात असं लिहू नये. तसं सिद्ध झालेलं नाही. कारणं तीन.

पहिलं कारण, माणसाच्या बाबतीत शास्त्रज्ञांचा वाद अजून पूर्ण मिटलेला नाही. स्वीडनमधल्या एका गटाने २०१३ साली एक वेगळीच युक्ती वापरली. अणुचाचण्यांमुळे हवेत वाढलेला कार्बन-१४ पेशींच्या डीएनएत किती आहे ते मोजून पेशींचं वय काढलं. त्यांचा अंदाज निघाला की प्रौढ माणसाच्या एका हिप्पोकॅम्पसमध्ये दररोज ७०० च्या आसपास नव्या चेतापेशी येतात. पण २०१८ साली अमेरिकेतल्या एका गटाला प्रौढ माणसांच्या मेंदूत अशा कोवळ्या पेशी सापडल्याच नाहीत. बालपणातच ही प्रक्रिया जवळजवळ थांबते असं त्यांचं म्हणणं. त्याच वर्षी दुसऱ्या गटाला एकोणऐंशी वर्षांच्या माणसापर्यंत त्या सापडल्या. २०१९ साली स्पेनमधल्या अभ्यासात सत्याऐंशी वर्षांपर्यंत सापडल्या आणि अल्झायमरच्या रुग्णांत कमी दिसल्या. २०२५ साली स्वीडनच्या गटाने प्रौढ मेंदूत विभागणाऱ्या मूळ पेशीच दाखवल्या. पारडं आता नव्या पेशी होतात याकडे झुकलंय, पण किती होतात आणि सगळ्यांत सारख्या होतात का, यावर एकमत नाही.

दुसरं कारण, जिवंत माणसाच्या मेंदूत नवी पेशी मोजायची सोय अजून नाही. २०११ साली १२० वयस्कर माणसांवर एक प्रयोग प्रसिद्ध झाला. अर्ध्यांना वर्षभर भरभर चालायला लावलं, अर्ध्यांना अंग ताणण्याचे हलके व्यायाम दिले. चालणाऱ्यांचा हिप्पोकॅम्पस साधारण २ टक्के वाढला, तर दुसऱ्या गटाचा थोडा कमी झाला. ही वाढ नव्या चेतापेशींमुळे की रक्तवाहिन्यांमुळे की जोडण्या वाढल्यामुळे, ते यातून सांगता येत नाही.

तिसरं कारण, या प्रयोगात फायदा दिसला तो दम लागेल अशा व्यायामाचा. सूर्यनमस्कार सावकाश दोन-चार घातले तर ते अंग ताणणंच झालं. बाळासाहेब सांगत तसे न थांबता, श्वासाच्या लयीत, बरेच घातले तर छातीचे ठोके वाढतात, घाम येतो. म्हणजे व्यायामाचं नाव काय यापेक्षा तो कसा केला हे महत्त्वाचं. पेशीला नाव कळत नाही. लेझीम, कबड्डी, खो-खो, दोरीवरच्या उड्या, तालमीतल्या बैठका, शाळेपर्यंतची दोन किलोमीटरची पायपीट, सगळं चालेल. ज्या कुटुंबाला मंत्र म्हणायचे नसतील त्यांच्या मुलालाही तोच लाभ मिळेल.

सक्तीबद्दलही एक गोष्ट. बाळासाहेबांच्या काळात राजाज्ञेने व्यायाम लावला गेला. पण प्राण्यांच्या प्रयोगांत दिसतं की सततचा ताण नव्या पेशींचा जन्म कमी करतो. गृहपाठ केला नाही म्हणून शंभर उठाबशा, ही शिक्षा झाली. मुलाने व्यायामाचाच राग धरला तर आपण काय कमावलं?

सत्तरीतला नवा धडा

आता पुन्हा चरित्राकडे येऊ, कारण बाळासाहेबांच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा धडा त्यांनी म्हातारपणी गिरवला.

१९३८ साली त्यांनी सत्तरी पूर्ण केली. त्या वयात माणसं आहे ते सांभाळतात. बाळासाहेबांनी त्या वर्षी राज्याची सत्ता प्रजेच्या हाती देण्याचं जाहीर केलं. चिरंजीव अप्पासाहेब पंत, पोलंडहून आलेले इंजिनिअर मॉरिस फ्रीडमन आणि स्वतः गांधीजी यांच्या सल्ल्याने घटना तयार झाली आणि जानेवारी १९३९ मध्ये ती लागू झाली. गावागावांत निवडलेल्या पंचायती आल्या. जन्मभर हुकूम सोडणारा राजा आता प्रजेने ठरवलेलं मान्य करायला शिकला. आणि जन्मभर हुकूम पाळणारे शेतकरी पंचायतीत बसून हिशेब आणि न्यायनिवाडा शिकले. दोन्ही बाजूंना हे प्रौढ वयातलं शिक्षणच होतं.

त्याच काळात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत सुरू झाली. भिंती नाहीत, बेड्या नाहीत. गुन्हेगारांनी शेती करायची आणि माणूस म्हणून नव्याने उभं राहायचं. मोठा माणूस बदलू शकतो यावर ज्याचा विश्वास नाही तो असा प्रयोग करणारच नाही. पुढे याच वसाहतीवरून गदिमांनी कथा लिहिली आणि व्ही. शांतारामांचा दो आँखें बारह हाथ हा चित्रपट १९५७ साली आला.

औंधातच आणखी एक विलक्षण म्हातारा राहत होता. पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर. बाळासाहेबांपेक्षा एक वर्षाने मोठे, जन्म १८६७ चा. मूळचे चित्रकार. हैदराबाद आणि लाहोरला चित्रशाळा चालवलेल्या. पन्नाशीला आल्यावर ते औंधला येऊन वेदांच्या अभ्यासात बुडाले, स्वाध्याय मंडळ काढलं, प्रौढांना घरबसल्या संस्कृत शिकता यावं म्हणून पुस्तकं लिहिली. ऐंशीच्या घरात असताना १९४८ साली त्यांना औंध सोडून गुजरातमधल्या पारडीला जावं लागलं. तिथे त्यांनी काम पुन्हा उभं केलं आणि वयाच्या शंभरीपर्यंत लेखन-अभ्यास चालू ठेवला. १९६८ साली ते गेले. तेही योगासनं आणि नमस्काराचे पुरस्कर्ते.

दोन दीर्घायुषी माणसं म्हणजे पुरावा नव्हे. दोघांनाही शिक्षण मिळालं होतं, आवडीचं काम होतं, भोवती माणसं होती. तल्लख म्हातारपणाला ही सगळी कारणं असू शकतात. पण आता या वयात कुठे शिकायचं, असं म्हणणाऱ्या आजोबांना सांगायला ही दोन उदाहरणं नक्कीच उपयोगी आहेत.

मार्च १९४८ मध्ये औंध संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. सत्ता आधीच सोडलेली असल्यामुळे हा बदल बाळासाहेबांना इतरांइतका जड गेला नसावा. १३ एप्रिल १९५१ रोजी, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी त्यांचं निधन झालं. संस्थान गेलं, राजवाडा शांत झाला, पण शाळेच्या मैदानावरचा नमस्कार राहिला.

शाळेत आणि घरी काय करता येईल?

१. परीक्षेच्या तिमाहीत पी.टी.चा तास हलवू नका. फार तर तो अवघड विषयाच्या आधी ठेवा. मुलं ताजी होऊन वर्गात येतात हे शिक्षकांना अनुभवाने माहीत आहेच.

२. व्यायाम दम लागेल एवढा हवा. रांगेत उभं राहण्यातच अर्धा तास गेला तर तो व्यायाम नव्हे.

३. पालकहो, दहावीच्या मुलाचं खेळणं पूर्ण बंद करू नका. रोज अर्धा-पाऊण तास द्या आणि झोप कापू नका. प्राण्यांच्या प्रयोगांत झोप तोडली की नव्या पेशी कमी होतात, आणि दिवसभर शिकलेलं पक्कं व्हायलाही झोप लागतेच.

४. घरातल्या आजी-आजोबांनाही चालायला आणि काहीतरी नवं शिकायला लावा. मोबाईलवर पैसे पाठवणं असो की नवा अभंग पाठ करणं. हृदयाचा किंवा गुडघ्यांचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

५. व्यायाम शिक्षा म्हणून कधीही देऊ नका.

वर्गात चर्चेसाठी प्रश्न

- बाळासाहेबांनी डंबेल्स सोडून नमस्कार का निवडले असावेत? दुष्काळी गावातल्या शाळेच्या दृष्टीने विचार करा.
- चेतापेशीचं विभाजन होत नाही आणि मेंदूत नव्या चेतापेशी तयार होतात, ही दोन्ही विधानं एकाच वेळी खरी कशी असू शकतात?
- एकाच प्रश्नावर शास्त्रज्ञांच्या दोन गटांना वेगवेगळी उत्तरं मिळाली तर आपण काय करायचं?
- तुमच्या गावातलं औंध, आटपाडी, कुंडल किंवा मिरज इथल्या जुन्या शाळेत शिकलेलं एखादं वयस्कर माणूस शोधा. त्यांच्या शाळेत व्यायाम कसा घेत, ते विचारून दहा ओळी लिहा.

शेवटच्या प्रश्नाची उत्तरं वर्गात मोठ्याने वाचून घ्या. आजोबांच्या शाळेची गोष्ट आणि आपल्या शाळेचं वेळापत्रक मुलांनी शेजारी शेजारी ठेवून पाहिलं, तर जानेवारीत पी.टी.चा तास कुणी मागायला आल्यावर काय सांगायचं ते त्यांचं त्यांनाच सुचेल.